३०,००० किमी चाललेलं सीलपॅक इंजिन तेल पितंय, उघडून पुन्हा बांधावं का?

तुमचं म्हणणं असं: इंजिन कधी उघडलेलं नाही, तरी हजार किलोमीटरला पाऊण लिटर ऑइल गायब होतं. मिस्त्री म्हणतो इंजिन बांधावं लागेल, पण कंपनीचं काम मोडून गल्लीतल्या गॅरेजवर भरवसा ठेवायला मन धजत नाही.

वॉरंटी शिल्लक असेल तर पान्याला हातही लावू देऊ नका. किती ऑइल घातलं ते किलोमीटरसकट लिहून ठेवा आणि कंपनीच्या मागे लागा.

संपली असेल, तर घाबरू नका. मी पीथमपूरला इंजिन असेंब्लीवर वीस वर्षं काढली. आपल्या इंदूरात 'सीलपॅक' म्हटलं की लोक हात जोडतात. पण लाइनवरही माणसंच असतात, आणि शिफ्ट सुटायची वेळ त्यांनाही होते.

माझ्या भाच्याच्या गाडीचं हेच झालं. खंडवा रोडवर सिमरोळच्या घाटात मी मुद्दाम त्याच्या मागे गाडी ठेवली. उतारावर पाय काढून गिअरमध्ये उतरताना निळा धूर आला असता, तर संशय वॉल्व्ह सीलवर (वॉल्व्हच्या दांडीशी तेल अडवणारं रबर) गेला असता, कारण तेव्हा आतली ओढ वाढते आणि दांडीच्या नळीतून, म्हणजे गाइडमधून, तेल खेचलं जातं. धूर आला तो चढावर, पाय दाबल्यावर. घरी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं: तिसरा सिलिंडर ढिला. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकलं की आकडा चढला. म्हणजे दोष पिस्टनवरच्या रिंगांचाच; तेलानं त्यांच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजल्या.

चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) खोललं तर ऑइलच्या जाळीवर सांधे बंद करायच्या सिलिकॉनचे धागे, शेवयांसारखे. जोडताना हात सैल सोडून लावलेलं, दाबून आत आलेलं. आणि तिसऱ्या पिस्टनची दुसरी रिंग उलटी! तिच्यावर बारीक ठिपका असतो, तो वर हवा. या रिंगेची कड तिरपी असते. सरळ बसली तर तेल खाली खरवडते, उलटी बसली तर वर ढकलते. एवढीशी गोष्ट.

आता आमचा मूर्खपणा ऐका. भाच्यानं उत्साहात ओव्हरसाइज पिस्टनचा सेट आधीच मागवला. खरादवाल्यानं बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजला तर माप स्टँडर्डमध्येच. होनिंग (सिलिंडरच्या भिंतीला दगडानं बारीक रेघा पाडणं) आणि स्टँडर्ड रिंगांवर काम भागलं, आणि दुकानदार सेट परत घेईना. तेव्हा आधी मोजमाप, मग पार्ट.

होनिंगनंतर ब्लॉक नुसता पेट्रोलनं पुसून चालत नाही, रेघांतली कच तशीच राहते. गरम पाणी, साबण, ब्रश. पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच निघेपर्यंत. मग लगेच तेलाचा हात, नाहीतर बघता बघता गंज धरतो. (भांड्यांचा साबण आठवड्यात संपला म्हणून आमच्या सौ.नी चौकशी लावली होती.)

नवी रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून फिलरगेजनं (मापाच्या पातळ पट्ट्या) तिच्या टोकांमधला गॅप बघा. माप मॅन्युअलमधलंच धरा. गॅप कमी पडला तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका. बेअरिंग कॅप (क्रँकला धरणारी झाकणं) ज्या जागेवरची त्याच जागी, त्याच दिशेनं. हेडबोल्ट ठरल्या जोरानं (टॉर्कनं) आवळल्यानंतर आणखी काही अंश फिरवायचे असतील तर शक्यतो नवेच घ्या, जुने ताणलेले असतात.

गॅरेज निवडताना टॉर्क पाना (जोर मोजून आवळणारा) बघायला मागा. 'हाताला अंदाज आहे, साहेब' असं उत्तर आलं, तर चहा पिऊन निघा.

पहिल्यांदा चालू करताना इंजेक्शनचा फ्यूज काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून स्टार्टर मारा. मग फ्यूज लावा. उगाच उभी ठेवून गुरगुरत बसू नका. रस्त्यावर काढा, वेग कमीजास्त करत चालवा, ५०० किमीला ऑइल आणि फिल्टर बदला.

भाच्याच्या गाडीत आता दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल घालावं लागत नाही. पिस्टनचा तो खोका मात्र अजून आमच्या माळ्यावर आहे.