वाचकांचे प्रश्न : विभागीय बुद्धिबळ स्पर्धेचे नियोजन

प्रश्न : आमचे मंडळ प्रथमच विभागीय बुद्धिबळ स्पर्धा भरवीत आहे. सुमारे चाळीस खेळाडू अपेक्षित असून हाताशी एकच दिवस आहे. सामने कोणत्या पद्धतीने खेळवावेत आणि बक्षीस समारंभ वेळेवर कसा व्हावा?

उत्तर : चाळीस खेळाडूंना साखळी पद्धतीत 39 फेऱ्या लागतील आणि बाद पद्धतीत निम्मे खेळाडू पहिल्याच फेरीनंतर घरी जातील, म्हणून 1895 मध्ये झुरिकच्या स्पर्धेत प्रथम वापरलेली स्विस पद्धत निवडावी, जिच्यात समान गुणांचे खेळाडू शक्यतो एकमेकांशी भिडतात व कोणीही बाद होत नाही. येथे 6 फेऱ्या पुरेशा आहेत. प्रत्येकाला 15 मिनिटे आणि दर चालीला 10 सेकंदांची वाढ दिल्यास साठ चालींचा डाव सुमारे 50 मिनिटे चालतो, म्हणजे जेवणाची सुट्टी धरूनही दिवस पुरतो. मात्र ती सेकंदांची वाढ प्रत्येक घड्याळात लावलेली आहे का, हे पहिल्या फेरीपूर्वी पंचांनी प्रत्येक पटापाशी जाऊन पाहावे. हे काम हमखास राहून जाते.

समारंभ रेंगाळतो तो बहुधा भाषणांमुळे नव्हे (तीही आवरावीतच), तर समान गुणांच्या वादामुळे. अशा वेळी प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज, म्हणजेच बुकोल्झ गुण, धरणार की आणखी काही, हे प्रवेशपत्रिकेतच छापावे. रोख बक्षिसे समान वाटायची की क्रमाने द्यायची, हेही तेथेच स्पष्ट करावे.