वाचकांचे प्रश्न : आमदार असताना ग्रामपंचायत कशाला?

प्रश्न : आमच्या गावातला रस्ता आमदार निधीतून झाला, नळयोजना जिल्ह्याच्या कार्यालयातून आली, घरकुलांची यादीही वरूनच आली. ग्रामसभेला तीस-पस्तीस माणसे जमतात, कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते आणि पुढच्या सभेत दहा-बारा जणांच्या सह्यांवर ठराव होतात. मग ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद हा तीन मजली डोलारा कशासाठी पोसायचा? (सातारा जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या टाकीपासून सुरू करतो. काही वर्षांपूर्वी एका गावच्या महिला ग्रामसभेत मी मागे बसून होतो. वरच्या आळीला पाणी येत नाही, अशी बायकांची तक्रार होती. योजनेच्या नकाशात त्या आळीपर्यंत पाइप दाखवलेला होता, प्रत्यक्षात तो टाकलेलाही होता आणि कागदोपत्री योजना पूर्ण झालेली होती. अडचण एवढीच होती, की पाणी सोडणारा कर्मचारी खालच्या आळीचा व्हॉल्व्ह आधी उघडत असे. वरच्या आळीला दाब मिळेपर्यंत दुपार होई आणि तोवर बायका भांगलणीला शेतात गेलेल्या असत. एकीने उभे राहून सांगितले, की एक दिवसाआड आमचा व्हॉल्व्ह आधी उघडा. तसा ठराव झाला आणि त्याला एक रुपयाही खर्च आला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला अभियंता कितीही प्रामाणिक असला, तरी ही गोष्ट त्याच्या टेबलापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. ज्याला झळ बसते त्याला निर्णयाच्या जागी उभे राहून बोलता यावे, यासाठी सत्ता खाली आणायची असते.

आमदारांचा मतदारसंघ लाखो मतदारांचा असतो आणि त्यांचे मुख्य काम कायदे करणे व सरकारवर लक्ष ठेवणे हे आहे. आमदार निधीतून कोणते काम सुचवायचे, हे त्यांच्या पसंतीवर असते. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा मात्र ग्रामसभेपुढे ठेवावाच लागतो. रस्ता दोन्हीकडून होऊ शकतो. परंतु एका रस्त्यासाठी आपण विनंती करता आणि दुसऱ्याचा हिशेब मागता, हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

बळवंतराय मेहता समितीच्या शिफारशींनंतर २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातील नागौर येथे पंचायत राज्याची, म्हणजे आपण म्हणता त्या तीन मजली रचनेची, सुरुवात झाली. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा १९६१ चा कायदा केला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. या समितीने जिल्हाधिकाऱ्यांना जिल्हा परिषदेच्या कारभाराबाहेर ठेवले आणि आमदार-खासदारांनाही तिचे सदस्यत्व दिले नाही. जिल्ह्याच्या नेतृत्वाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा त्यामागचा विचार होता. आज मागे वळून पाहताना तो काळाच्या पुढचा वाटतो.

तरीही आपल्या गावात वरच्यांचेच चालते, याची मुळे गावाबाहेर आहेत. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिच्यामुळे ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले, दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक झाली, राज्य निवडणूक आयोग व राज्य वित्त आयोग आले आणि घटनेच्या अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींकडे देता येतील अशा विषयांच्या यादीत, पिण्याच्या पाण्यापासून प्राथमिक शाळेपर्यंत २९ विषय नोंदवले गेले. परंतु अनुच्छेद २४३ छ नुसार या विषयांतले कोणते अधिकार प्रत्यक्ष द्यायचे, हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवायचे आहे. निवडणूक सक्तीची आणि अधिकार मात्र राज्याच्या मर्जीचे, अशी ही रचना आहे. त्यातच काम, पैसा आणि माणूस या तीन गोष्टी एकत्र खाली येत नाहीत. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर, तलाठी महसूल खात्याचा. सरपंचाला यांतल्या कोणाचीही नेमणूक करता येत नाही. केंद्राच्या पैशाचे वाटप सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना सुचवलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठीच राखून ठेवली. हे विषय महत्त्वाचे आहेतच. पण ज्या गावात पाणी पुरेसे आहे आणि शाळेचे छत गळते आहे, त्या गावाचे हात यामुळे बांधले जातात. याउलट केरळने १९९६ मध्ये राज्याच्या योजना खर्चातील ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरवले आणि वॉर्डावॉर्डांत सभा घेऊन त्यांतून आराखडे करवून घेतले. पैसा आला की माणसे सभेला येतात, कारण तिथे काहीतरी ठरणार असते.

कागदावरचा हक्क आणि हातातली सत्ता यांतले अंतर आपल्याच राज्यात गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने दाखवून दिले आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, तरी तोडलेला बांबू गावाबाहेर नेऊन विकायचा तर वाहतूक परवाना हवा होता आणि तो वनखात्याच्या हातात होता. अखेर एप्रिल २०११ मध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे आले आणि तेव्हा कुठे त्या हक्काला अर्थ आला. या गावात निर्णय बहुमताने न होता सर्वांच्या सहमतीने होतात आणि सहमती होईपर्यंत चर्चा चालू राहते. वेळ लागतो, पण झालेला निर्णय सगळे पाळतात.

आता आपल्या तहकूब सभेविषयी. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी (कोरमसाठी) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. तहकूब झालेल्या सभेला मात्र गणपूर्तीचे बंधन नाही आणि दहा-बारा सह्यांचे ठराव याच दारातून आत येतात. म्हणून पहिली सभा तहकूब झाली की घरी जाऊन निश्चिंत राहू नये. खरी हजेरी पुढच्या सभेला लावावी.

प्रश्न : महापालिकेत नगरसेवक नव्हते, तेव्हाही कचरा उचलला जात होता. प्रशासकाच्या काळात असे काय बिघडले? (मुंबईतील एक वाचक)

उत्तर : कचरा उचलला गेला, हे मान्य. परंतु ओबीसी आरक्षण व प्रभागरचना यांच्या वादात निवडणुका अडल्या आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर आपल्या शहराचा अर्थसंकल्प तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेल्या सभागृहाशिवाय मंजूर होत राहिला. प्रशासक हा सरकारने नेमलेला अधिकारी; तो वरच्यांना उत्तर देतो. त्याला पुढच्या निवडणुकीत आपल्या गल्लीत यायचे नसते. कोणता नाला आधी आणि कोणता रस्ता नंतर, या निवडीवर उघड सभागृहात एकही विरोधी भाषण झाले नाही, हे मला साधे नुकसान वाटत नाही. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे घटना सांगते आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच ते ठामपणे बजावले होते.

प्रश्न : सत्ता खाली आली की भ्रष्टाचार आणि भावकीही खाली येते. आमच्याकडे महिला सरपंचांचा कारभार त्यांचे पतीच पाहतात. यावर उपाय काय? (जालना जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : ही शंका जुनी आणि गंभीर आहे. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाच्या गौरवावर कठोर टीका केली होती, कारण जातीची उतरंड गावातच सर्वांत घट्ट असते. सत्ता गावात नुसती नेऊन ठेवली, तर ती आधीच बलवान असलेल्यांच्या वाड्यावर जाते. म्हणूनच ७३ व्या दुरुस्तीत अनुसूचित जाती-जमातींसाठी व स्त्रियांसाठी आरक्षण आले आणि महाराष्ट्राने स्त्रियांचा वाटा २०११ मध्ये निम्म्यावर नेला. सरपंचपतीचा कारभार मीही पाहिला आहे. तसेच पहिल्या वर्षी पदर सावरत गप्प बसणाऱ्या बाई तिसऱ्या वर्षी ग्रामसेवकाकडून घरपट्टीच्या थकबाकीची यादी मागताना पाहिल्या आहेत. एका मुदतीनंतर आरक्षण बदलते आणि शिकलेले सगळे वाया जाते, ही मात्र खरी हानी आहे.

उपाय म्हणाल, तर महिला ग्रामसभा नियमित ग्रामसभेच्या आधी घेतलीच जाईल, याचा आग्रह धरा आणि तिथे झालेले ठराव मुख्य सभेत वाचायला लावा. सभा संपल्यावर कोऱ्या पानावर सही करू नका. ठराव इतिवृत्तात तिथल्या तिथे लिहून घ्या, तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि मगच खाली सही करा.