गोल्फच्या सरावासाठी दंडाचा पट्टा घेतलाय? मग आधी हे वाचा

दोन्ही दंडांना एकत्र बांधणारा इलास्टिक पट्टा कोपराच्या चार बोटं वर चढवा. आत दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. पट्टा कोपरावर घसरला तर हात मुडपतच नाहीत आणि फार आवळला तर खांदे वळायचे थांबतात. मग नुसत्या मनगटांनी फटका मारायची सवय लागते, ती सुटता सुटत नाही.

पट्ट्याचं काम एकच: हात छातीबरोबर फिरवणं. म्हणून ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) बाजूला ठेवा आणि पिचिंग वेज किंवा ९ नंबरची आयर्न, म्हणजे जवळच्या फटक्यांची आखूड काठी घ्या. समोर घड्याळ आहे असं समजून हात ९ पासून ३ पर्यंत जातील एवढाच अर्धा स्विंग करा. आधी चेंडूविना १०, मग चेंडूवर ५. त्यानंतर पट्टा काढून तोच स्विंग ५ वेळा, हे विसरू नका. नाहीतर शरीर पट्ट्यावरच विसंबतं. फटक्यानंतर डावं कोपर बाहेर फेकलं जात असेल (उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं), तर छाती वळायची थांबली आहे. अशा वेळी पट्टा आणखी आवळू नका, पोट लक्ष्याकडे वळवा.

नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये घामाने पट्टा सरकतो, तेव्हा तो सुती बाहीवर बांधा. उन्हातल्या गाडीत ठेवलात तर इलास्टिक सैल पडतं. आणि कृपा करून नाशिक शहरातल्या गोल्फ क्लब मैदानावर सराव नको. नाव गोल्फचं असलं तरी तिथे क्रिकेट चालतं, माणसं फिरायला येतात.

स्पर्धेच्या फेरीत पट्टा बांधून स्विंग केलात तर गोल्फच्या नियम ४.३ प्रमाणे पेनल्टी बसते, दुसऱ्यांदा थेट स्पर्धेतून बाद.