पाव किलो, वडापाव आणि 'देव पावला': हे तिन्ही 'पाव' एकच का?

तुमचे सासरे म्हणतात, पावाचं पीठ पायाने तुडवत म्हणून त्याला पाव म्हणतात. मिस्टर म्हणतात, मोठ्या रोटीचा पाव हिस्सा म्हणून पाव. यात खरं कोणाचं, आणि 'देव पावला' मधला पाव यातला कुठला, असा तुमचा प्रश्न आहे.

सरळ उत्तर देतो: दोघांचंही चुकलंय. खायचा पाव पोर्तुगीज. मोजायचा पाव संस्कृत 'पाद' वरून आलेला. देव पावतो तो 'प्राप्' या धातूवरून. तिघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, मराठीत येता येता तिघांचा चेहरा एक झाला एवढंच. तरी सासऱ्यांना शून्य मार्क देऊ नका. का ते पुढे येईलच.

आधी खायचा पाव. पोर्तुगीज लोक ब्रेडला जे म्हणतात ते आपल्या कानाला 'पाँव' सारखं ऐकू येतं, शेवट पूर्ण नाकातून. मूळ शब्द लॅटिन 'पानिस'. त्यातूनच इटालियन 'पाने' आणि स्पॅनिश 'पान' आले. पण दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'न' गाळून टाकायची पोर्तुगीजची जुनी खोड आहे. लॅटिनमध्ये चंद्र 'लूना', पोर्तुगीजमध्ये 'लुआ'. हात 'मानुस', त्याचा झाला 'माँव'. तसाच 'पाने' मधला 'न' विरघळला आणि मागे उरला तो फक्त नाकातला सूर.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पुढे वसईही त्यांच्याकडे गेली आणि १७३९ पर्यंत राहिली. तेव्हा कोकण किनाऱ्यावर हा शब्द रुळायला भरपूर वेळ मिळाला. गोव्यात त्यांना ब्रेड हवा होता, पण पीठ फुगवायला खमीर नव्हतं. मग माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ आंबवायला लागले. गोव्याचे जुने पदेर सुरेच्या त्या आंबूस चवीची आठवण अजून काढतात. आणि हा 'पदेर' शब्दही तिकडचाच, पोर्तुगीज 'पादेइरु' म्हणजे पाव भाजणारा. गोव्यात पहाटे कुठल्याही वाड्यावर मुक्काम केला असेल तर सायकलच्या रबरी भोंग्याचा पों पों आवाज तुम्ही ऐकला असेल. मागच्या कॅरिअरवर वेताची मोठी टोपली, वर प्लास्टिक घट्ट बांधलेलं, ते उचललं की आतून वाफ. टोपलीत एकीकडे गोल कडक उंडे, दुसरीकडे कोंड्याची पोई, आणि चहात बुडवायला बांगडीच्या आकाराची काकणं. मुंबईची लादी खाऊन वाढलेल्या माणसाला तिथे गेल्यावर कळतं, की आपण ज्याला पाव म्हणतो तो एका मोठ्या कुटुंबातला एकच भाऊ आहे.

आता कोणी म्हणेल, नाकातला 'पाँव' होता तर मराठीत त्याचा साधा 'पाव' कसा झाला? याला एक फर्डा साक्षीदार आहे: 'लिलाव'. तोही पोर्तुगीज. मूळ उच्चार साधारण 'लेइलाँव', शेवट अगदी 'पाँव' सारखाच. मराठीने दोन्हीकडे नाकातला सूर सोडला आणि 'व' ठेवला. हिंदीने त्याच शब्दात नाकातल्या सुराचा 'म' केला, म्हणून तिकडे 'नीलाम'. आणि गुजराती माणूस पाव मागताना अजूनही 'पांउ' म्हणतो, म्हणजे तो अनुनासिक त्याने जपून ठेवलाय. दादरला एखाद्या गुजराती शेजाऱ्याला म्हणायला सांगा, लगेच कळेल.

पोर्तुगीज जहाजं जिथे जिथे गेली तिथे तिथे हा शब्द उतरला. १५४३ मध्ये ते जपानला पोचले, आणि जपानी लोक ब्रेडला आजही 'पान' म्हणतात. जपानीतून तो कोरियात गेला आणि 'प्पांग' झाला. श्रीलंकेत सिंहली माणूसही 'पान्'च म्हणतो. आपल्याकडे विड्याचं पान आधीपासून ठाण मांडून होतं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.

गंमत म्हणजे त्या 'पानिस'चे आणखी दोन नातलग आपण रोज वापरतो आणि ओळखत नाही. 'कंपनी' म्हणजे मुळात सोबत भाकरी खाणारे. आणि रेल्वेची 'पॅन्ट्री कार'. पॅन्ट्री म्हणजे ब्रेड ठेवायची खोली, हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. 'पानिस'च्या मुळाशी 'पोसणे, राखणे' या अर्थाचा प्राचीन धातू आहे आणि संस्कृतमधल्या 'पा' म्हणजे रक्षण करणे याच्याशी त्याचं नातं आहे, असंही भाषाशास्त्रात मानतात. तसं असेल तर वडापावातला पाव आणि गोपाळातला 'पा' हे फार लांबचे चुलत भाऊ. पण हे हजारो वर्षांपूर्वीचं झालं, घरच्या वादात पुरावा म्हणून वापरू नका.

मग पायाने तुडवण्याची गोष्ट आली कुठून? माझ्या मते हिंदीतून. हिंदीत पाव झाला 'पावरोटी', बंगालीत 'पाउरुटी'. हिंदीत पायाला 'पाँव'. दोन शब्द शेजारी आले की माणूस गोष्ट रचतोच. कणीक पायाने तुडवणं काही अशक्य नाही, जुन्या काळी युरोपातही मोठ्या बेकऱ्यांत ते चालायचं. पण शब्द त्याच्या आधीच तयार होऊन आला होता. शिवाय आपल्याकडे पावाबद्दल मुळातच संशय होता. कोकणात 'विहिरीत पाव टाकून गाव बाटवला' ही आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बाटवणाऱ्या वस्तूला पाय लागलेला असणारच, हे त्या काळच्या सोवळ्यात सहज बसलं असणार.

आता मोजायचा पाव, आणि इथे सासरेबुवांना मार्क मिळतात. संस्कृत 'पाद' म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाचे चार चरण त्याच हिशेबाने. प्राकृतात स्वरांच्या मधला 'द' गळाला, 'पाद' चा 'पाअ' झाला. दोन स्वर असे उघडे एकमेकांना भिडले की मराठी मध्ये 'य' तरी घालते, नाहीतर 'व'. 'य' घातला तर 'पाय', 'व' घातला तर 'पाव'. विश्वास बसत नसेल तर 'राजा' वरून आलेले राय आणि राव बघा, किंवा 'घात' वरून आलेले घाय आणि घाव. म्हणजे पाय आणि पाव किलो हे सख्खे भाऊ आहेत. सासऱ्यांनी पाय बरोबर ओळखला, फक्त तो बेकरीत शोधला. तो वाण्याच्या तराजूत होता.

इथे जरा जास्त वेळ थांबतो, कारण मला हा भाग सगळ्यात आवडतो. या 'पाद'ने आपली अपूर्णांकांची अख्खी भाषा उभी केलीय. पाऊण म्हणजे 'पाद-ऊन', एक पाद कमी. पावणेदोन, पावणेआठ, पाऊणशे, सगळीकडे तोच कमी पडलेला पाय. सव्वा म्हणजे 'सपाद', एक पाद जास्त. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत, त्यातली पावकी म्हणजे पावाचा पाढा. रुपयाचा पाव भाग ती पावली, चार आण्यांची. चार आण्यांचं नाणं पुढे पंचवीस पैशांचं झालं आणि ३० जून २०११ पासून तेही चलनातून गेलं. पण मुंबईच्या हिंदीत थोडा वेडसर माणूस अजूनही 'पावली कम'च असतो.

वजनातही तसंच. शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचा चौथा भाग पावशेर, पावशेराचा अर्धा अदपाव, आणि त्याचा अर्धा छटाक. १९५० च्या दशकाच्या अखेरीस किलो आला, शेर गेला. पाव मात्र नव्या मालकाकडे नोकरीला राहिला. पावशेराचे २३३ ग्रॅम आता पाव किलोचे २५० झाले. शेर पूर्ण मेला असंही नाही. 'पावशेर मारून आलाय' हे गुत्त्यावरून परतलेल्या माणसाबद्दल अजून ऐकू येतं.

मिस्टरांचा 'पाव हिस्सा' कुठे चुकतो ते व्याकरणही सांगतं. खायचा पाव पुल्लिंगी नाम आहे: तो पाव, पावाला, पावात, पावाची लादी. मोजायचा पाव मात्र विशेषण म्हणून वावरतो आणि नामापुढे स्वतः हलत नाही: पाव किलोला, पाव भागात. 'पावा किलोला' असं कोणी म्हणत नाही. भाजीच्या गाड्यावर 'पाव द्या' म्हटलं की तो गवार तोलतो, बेकरीत तेच म्हटलं की लादी तोडतो, आणि दोघांपैकी एकही कधी गोंधळत नाही.

उरला देवाचा पाव. संस्कृत 'प्राप्', मिळवणे, पोचणे. प्राकृतात सुरुवातीच्या 'प्र' चा 'प' आणि शेवटच्या 'प' चा 'व' झाला की 'पाव'. हिंदीतलं 'पाना' हे याचंच भावंड. सुरुवातीचा 'प्र' असा नेमाने झिजतो: 'प्रावृष्' चा पाऊस झाला तो त्याच वाटेने. मराठीत पावणे म्हणजे मिळणे, पोचणे आणि प्रसन्न होणे. जुन्या पत्रांत 'पत्र पावले' लिहीत, म्हणजे पोचलं. 'रक्कम पावली' असं लिहून सही केलेला कागद ती पावती. आरतीत 'संकटी पावावे' म्हणतो तेव्हा देवाला आपण धावून ये, हाकेला पोच असं सांगत असतो, आणि नवसाला पावणारा गणपतीही त्याच कुळातला. माणूस मृत्यू पावतो, वस्तू लोप पावते, इतकं सगळं या एका क्रियापदावर चाललंय. देवळात देणगी देऊन पावती घेताना देव पावण्याची आणि पैसे पावण्याची सोय एकाच खिडकीवर होते, हा माझा आगाऊपणा, उत्तरात धरू नका.

यात एक चौथाही घुसतो, जो तुम्ही विचारला नाही. गावाकडे 'काय पावणं, कुठलं गाव?' म्हणतात तो पावणा म्हणजे पाहुणा, मूळ संस्कृत 'प्राघुण'. त्यालाही देव पावण्याशी किंवा पावणेआठशी देणंघेणं नाही. 'पावणेआठला पावणं आलं आणि म्हातारीला देव पावला' हे वाक्य एखाद्या परदेशी विद्यार्थ्याला भाषांतराला दिलं तर तो मराठीचा क्लास सोडेल.

मराठीच्या बाहेर गेलात तर जरा जपून. कन्नड आणि तेलुगूत 'पावु' म्हणजे पावच, मोजायचा, आणि तो आपल्याच कुळातला. पण जुन्या कन्नडमध्ये 'पावु' म्हणजे साप! पुढे कन्नडने सुरुवातीचा 'प' जागोजागी 'ह' केला, दुधाचं 'पालु' होतं ते 'हालु' झालं, तसा साप 'हावु' झाला आणि 'पावु' ची जागा मापाला मोकळी मिळाली. तेलुगूत सापाला 'पामु', तमिळमध्ये 'पांबु', हे सगळं घराणं द्राविडी, आपल्या पादाशी संबंध नाही. स्पॅनिशमध्ये 'पावो' म्हणजे टर्की पक्षी, तो लॅटिनमधल्या मोराच्या नावावरून आलेला. आणि हल्ली हॉटेलांच्या मेनूत दिसणारा चिनी वाफवलेला 'बाओ' दिसायला पावासारखा, ऐकायलाही जवळचा, म्हणून कोणी तो पावाचा पूर्वज असल्याचं ठोकून देतं. तो शब्द चिनी भाषेतल्या 'गुंडाळणे' वरून आहे. त्याला आपल्या पावाच्या वंशावळीत घेऊ नका.