मामांचा पाडवा

चि. चिऊस,

१ फेब्रुवारीच्या, गुलामी संपल्याच्या दिवसाच्या सुट्टीला आपण ले मॉर्नच्या डोंगराकडे गेलो, तेव्हा मी तुला त्या कड्याची गोष्ट सांगितली. पळून आलेले गुलाम वर लपले होते. १८३५ मध्ये गुलामी संपली हे सांगायला शिपाई आले, तर हे आपल्याला धरायलाच आले असं समजून त्यांनी उड्या टाकल्या, असं मॉरिशसमध्ये सांगतात. परतताना तू विचारलंस, "बाबा, पाडव्याला तुमच्याकडे नवीन सालाला राहायचे ते मामाही गुलाम होते का?" मी "नाही गं" म्हणालो, पण ते काळजाला लागलं.

गुलाम नव्हतेच ते. परभणीकडे आमच्या गावात पाडव्याला सालगडी, म्हणजे वर्षभर शेतावर राबणारा गडी, ठरायचा. वर्षाचे पैसे, ज्वारीची पोती, कपड्यांचा जोड, घोंगडी, सगळं ओसरीवर आबांसमोर बोलून. पटलं नाही तर मामा दुसरीकडे साल धरायला मोकळे. विहिरीत पोहायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांची हाक आली की बैल माना वर करायचे. आजी गुढीची साखरगाठी माझ्या गळ्यात घालायची, तशीच त्यांच्या मुलाच्याही.

पण त्यांची जर्मनची ताटली गोठ्याच्या कोनाड्यात पालथी असायची, आणि जेवून ती तेच घासायचे. शिवाय उचल. मुलीच्या लग्नाला घेतलेली रक्कम आबांच्या लाल वहीत मांडलेली. ती सालात फिटली नाही की पाडव्याला ठरवायला उरायचं काय? वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा, माझी शाळा त्यानंतरची.

इथे मॉरिशसमध्येही १८३५ ला सुटलेल्यांना 'उमेदवार' (अप्रेंटिस) म्हणून १८३९ पर्यंत जुन्याच मालकांकडे राबावं लागलं. भरपाई मिळाली ती मालकांना. त्याच सुमारापासून उसाच्या मळ्यांवर करारात बांधलेली हिंदुस्थानातली माणसं आली, त्यांत मराठीही होती. हे वाचताना मला ती लाल वही दिसते.

तरी पाडवा आला की मला गुढी हवीच असते. तू उभारलीच पाहिजेस असं नाही. फक्त त्या दिवशी आबांना फोन लावू तेव्हा मामांचं तूच विचार. चिडतील कदाचित, मी मध्ये पडणार नाही. मामा आता नाहीत, पण त्यांच्या मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. त्यालाही विचारू. त्याचं उत्तर आबांसारखं नसेल, असं मला वाटतं.

तुझा,
बाबा