कंपनीच्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट माझ्या डॉक्टरांना दाखवायचे आहेत, पण एचआर म्हणतं, 'फिट आहात, रिपोर्ट कशाला?' मागता येतात का?

हो, बिनधास्त मागा. ज्या हॉस्पिटलने तपासणी केली, त्यांच्याकडेच लेखी अर्ज करा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने नोंदी मागितल्या की ७२ तासांत द्याव्या लागतात. कंपनीला तुम्ही कामासाठी फिट आहात की नाही एवढं कळलं की पुरे. तुमची शुगर किती, हे सुपरवायझरला कळायचं काही कारण नाही.

आणि त्या 'फिट' शिक्क्यावर विसंबू नका, तो कामापुरता असतो. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आलेला माणूस मशीन चालवायला फिटच ठरतो, पण तो मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे हे त्याच्या डॉक्टरांना कळायलाच हवं. प्रेस शॉपसारख्या आवाजाच्या ठिकाणी काम असेल तर ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा, आलेखच मागा, नुसतं 'नॉर्मल' लिहिलेला कागद नको. आवाजाने कान बिघडायला लागले की सहसा आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपाशी, आलेखात खड्डा पडतो. समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येत असतं, त्यामुळे लक्षातच येत नाही. गेल्या वर्षांचे आलेखही मागवा. शेजारी ठेवून पाहिले की फरक कळतो.

रिपोर्ट परस्पर डॉक्टरांकडे जाणार असतील तर संमतीपत्रात त्यांचं नाव आणि नेमके कोणते रिपोर्ट, ते लिहा. 'कोणालाही माहिती देण्यास हरकत नाही' अशी छापील ओळ असेल तर ती खोडूनच सही करा.