जुन्या टर्बोचार्जरपासून जेट इंजिन बनवून ते आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानात बसवता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, कोल्हापुरातच राहता, ट्रकचा जुना टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर) हाती लागलाय, आणि त्याचं जेट इंजिन करून आरसी विमान उडवायचं मनात आहे. सुरुवात कुठून करावी आणि खर्च किती येईल, हे विचारलंय.

मी उद्यमनगरात टर्बोचार्जर दुरुस्तीचं काम करतो आणि बारा वर्षं आरसी विमानं उडवतोय, त्यातली शेवटची पाच टर्बाइनवर, म्हणजे छोट्या जेट इंजिनवर. टर्बोचं जेट इंजिन होतं आणि चालतंही, पण जमिनीवर स्टँडला बांधून. विमानात घालायचं इंजिन वेगळ्या घडणीचं असतं.

तुमच्या टर्बोत हवा दाबणारा कॉम्प्रेसर एका बाजूला, त्याला फिरवणारं टर्बाइन दुसऱ्या बाजूला आणि मधे बिडाचं हाउसिंग असतं. त्यातल्या बुश बेअरिंगना प्रेशरनं ऑइल द्यावं लागतं. म्हणजे ऑइल पंप आला, टाकी आली, बाहेरून जोडायचा, इंधन जाळायचा डबा आला. सगळं मिळून दहा-पंधरा किलोचं धूड होतं आणि थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) मिळतो काही किलोंचा. मॉडेलच्या टर्बाइनमध्ये जळणाचा कप्पा शाफ्टभोवतीच गुंडाळलेला असतो, टर्बाइन चपटं आणि अक्षीय (गरम वायू शाफ्टच्या दिशेनंच पुढे जातो असं) असतं, बेअरिंग सिरॅमिक बॉलचे. त्यांना वेगळं ऑइल नसतंच. रॉकेल किंवा डिझेलमध्ये साधारण 5 टक्के टर्बाइन ऑइल मिसळायचं, त्याच इंधनातला थोडासा भाग बेअरिंगवर सोडला जातो. म्हणून 8 किलो थ्रस्टचं इंजिन दीड किलोच्या आत बसतं.

टर्बोचा एक भाग मात्र खरंच उपयोगी पडतो, तो म्हणजे कॉम्प्रेसर व्हील. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या वर्कशॉपमध्ये मॉडेलचं खरं चालणारं टर्बाइन बनवलं तेव्हा कॉम्प्रेसर चक्क प्लायवुडचा होता, वरून कार्बन फायबर गुंडाळलेला. टर्बाइन व्हील स्टीलच्या पत्र्यातून कापून पाती पिळलेली. पुढे केजे-66 नावाचं डिझाइन आलं. त्यातले 66 म्हणजे कॉम्प्रेसर व्हीलचा मिलिमीटरमधला व्यास, आणि ते व्हील टर्बोचार्जरचंच. त्याचे नकाशे जगभर पसरले आणि असंख्य लोकांनी आपल्या लेथवर ते इंजिन केलं. तुम्हाला बनवायचंच असेल तर त्या वाटेनं जा. फक्त टर्बाइन व्हील विकत घ्या. शिरोलीच्या फाउंड्रीत ओततात ते बीड आणि एसजी आयर्न (चिवट बीड). हे व्हील इन्कोनेलचं, म्हणजे उष्णतेला टिकणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूचं असतं, ते निर्वातात ओततात. आपल्या भट्टीचं ते काम नाही.

बॅलन्सिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझं रोजचं काम तेच आहे. 66 मिलिमीटरचं व्हील मिनिटाला 1,15,000 फेऱ्यांनी फिरलं की त्याची कड सेकंदाला जवळपास 400 मीटर वेगानं जाते, आवाजाच्या वेगापेक्षा जास्त. त्या कडेवरचा एक ग्रॅमचा तुकडा बाहेरच्या दिशेनं साधारण 480 किलो वजनाइतका ओढतो. आता एका बाजूला फक्त 10 मिलिग्रॅम जास्त राहिले असं धरा, तर बेअरिंगला दर फेरीत जवळपास पाच किलोचा हिसका बसतो, आणि अशा फेऱ्या सेकंदाला एकोणीसशे! 10 मिलिग्रॅम म्हणजे किती? मी व्हीलच्या पाठीवर बारीक स्टोनचा एक हलका हात मारतो, बोटाच्या टोकाला राखाडी भुकटी लागते, तेवढं. शाफ्ट, नट आणि व्हील यांच्यावर खुणा करून, प्रत्येक वेळी त्याच खुणेवर बसवून बॅलन्स करायचं. खूण चुकली की पहिल्यापासून सुरू.

पण खरं सांगू का, विमान पडतं ते बऱ्याचदा इंजिनमुळे नाही. पडतं इंधनाच्या नळीतल्या हवेमुळे.

टर्बाइनमधली ज्योत सतत जळत राहावी लागते. पंपानं मधेच हवेचा बुडबुडा ढकलला की ज्योत विझते, यालाच फ्लेमआउट म्हणतात, आणि हवेत पुन्हा पेटवण्याचा भरवसा नसतो. म्हणून मुख्य टाकी आणि पंप यांच्यामध्ये एक छोटी टाकी असते, तिला एअर ट्रॅप म्हणतात. आत पिशवी किंवा फेल्ट असतं, इंधन त्यातून झिरपून जातं, हवा मागे राहते. ती उड्डाणाआधी तोंडापर्यंत भरलेली पाहिजे, आणि पंपाच्या आधीचा एकेक जोड घट्ट. तिथे इंधन ओढलं जात असतं, त्यामुळे जोड सैल असेल तर थेंब गळून कळत नाही, नुसती हवा आत जाते.

हे मी अनुभवानं शिकलो. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, पन्हाळ्याच्या बाजूला एका ओळखीच्या माळावर उडवत होतो. इंजिन सुरू करताना पारदर्शक नळीत पेन्सिलीच्या टोकाएवढा एक बुडबुडा दिसला होता. सरकला, गेला, आणि मी दुर्लक्ष केलं. चौथ्या मिनिटाला वळण घेताना आवाज एकदम बंद पडला. ती शांतता ऐकली की पोटात गोळा येतो. माळापर्यंत पोहोचण्याइतकी उंची नव्हती, विमान शेजारच्या उसात गेलं. अकरा महिन्यांचा ऊस, डोक्याच्या वर. आम्ही तिघं सीओटू सिलिंडर घेऊन आत शिरलो, पात्यांनी हात-तोंड कापून निघालं, आणि शेवटी रॉकेलच्या वासावर विमान सापडलं. टाकी फुटून इंधन पाचटावर सांडलं होतं. वर शेपटीचा पाइप अजून गरम. फडाचे मालक मागून आले, वाकून पाचट मुठीत घेतलं आणि चुरून दाखवलं. म्हणाले, "बाळ, एक ठिणगी पडली असती तर वर्षाचा ऊस गेला असता. आणि आत माणसं असती तर?" त्यांनी भरपाईचा एक रुपया घेतला नाही. त्या दिवसानंतर तोडणीच्या हंगामात मी उसाच्या कडेला टर्बाइन उडवत नाही. नळ्या तपासल्यावर दोष सापडला: पंपाच्या आधीच्या एका जोडावरचा टाय (आवळायची पट्टी) मी स्वतः सैल ठेवला होता.

सिलिंडर सीओटूचाच ठेवा. पावडरचा मारला की आग विझते, पण पावडर बेअरिंगमध्ये जाऊन इंजिन कायमचं बाद होतं. सुरू करताना टर्बाइन व्हीलच्या आडव्या रेषेत कुणाला उभं करू नका, पाती सुटली तर ती त्याच दिशेनं जातात. मागेही नको, तिथली हवा पाचशे-सहाशे अंशांची असते. बंद केल्यावर ईसीयू (इंजिनचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) स्टार्टरनं व्हील थांबून थांबून फिरवत आतली उष्णता बाहेर काढतो, ते पूर्ण होईपर्यंत बॅटरी काढायची नाही.

उडवण्यातही फरक आहे. पंख्याच्या विमानात स्टिक पुढे केली की लगेच ओढ मिळते. टर्बाइनला आयडलवरून पूर्ण जोरावर यायला तीन-चार सेकंद लागतात, म्हणून उतरताना जोर आधीपासून थोडा धरून ठेवावा लागतो. नवशिके इथेच फसतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. एप्रिलच्या दुपारी 38 अंशांत इथली हवा इंजिनच्या माहितीपत्रकात धरलेल्या समुद्रसपाटीवरच्या हवेपेक्षा तेरा टक्क्यांच्या आसपास विरळ असते, आणि थ्रस्टही त्याच प्रमाणात घटतो. 8 किलोचं इंजिन इथे उन्हाळ्यात सातच किलोचं समजा, धावपट्टी लांब धरा आणि सकाळी सात वाजता उडवा.

खर्चाचं म्हणाल तर इंजिन, विमान, सर्वो (पंखांचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटर), रिट्रॅक्ट (आत मिटणारं) लँडिंग गिअर, सगळं धरून काही लाखांत जातं. वर प्रत्येक उड्डाणाला दोनेक लिटर इंधन. विद्यार्थ्याला मी हे आत्ताच घ्या म्हणणार नाही. आधी साधं ट्रेनर विमान, मग 70 मिलिमीटर पंख्याचं आणि 6 सेलच्या लिपो बॅटरीवर चालणारं फोमचं ईडीएफ जेट (नळीतल्या इलेक्ट्रिक पंख्यावर उडणारं). जेटचा वेग, लांब लँडिंग, आखूड पंखांची वागणूक, हे सगळं त्यावर शिकता येतं, आणि पडलं तर फोम चिकटवून संध्याकाळी परत उडतं. इंजिन बनवण्याचं काम मात्र आजच सुरू करा, स्टँडवर. दोन्ही कामं शेजारी शेजारी चालू देत.

जागेबाबत एवढंच: उजळाईवाडी विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही, आणि त्यात शहराचा मोठा भाग येतो. 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतचं, नजरेच्या टप्प्यात छंदासाठी उडवलेलं विमान हे मॉडेल म्हणून वेगळं धरलंय आणि त्याला टाइप सर्टिफिकेट (डिझाइनची सरकारी मंजुरी) लागत नाही. तरी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरवी (परवानगी न लागणारी) आहे का, हे आधी पाहा.

आता हातातला टर्बो. खोलल्यावर कॉम्प्रेसर व्हील आधी रॉकेलनं धुवा आणि भिंगाखाली पात्यांच्या पुढच्या कडा बघा. आपल्याकडे माती-मुरमावर चाललेल्या गाड्यांचा एअर फिल्टर फाटलेला असतो, धुळीनं त्या कडा करवतीसारख्या खाल्लेल्या निघतात. कड गुळगुळीत असेल आणि नखाला कुठे अडकत नसेल तर व्हील जपून ठेवा, केजे-66 ला जमेल का हे व्यास मोजून ठरवता येईल. कड खाल्लेली दिसली किंवा पात्याच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसली, तर ते व्हील फिरवू नका, कपाटावर शोभेला ठेवा.